पहिली बोलणी

यावलला बसस्टँडमागे माझं दुकान,
मी पाण्यातल्या मोटारी बांधतो.
जळालेली कॉइल वासावरून कळते मला,
किती वेळ कोरडी चालली, तेही.
उन्हाळ्यात केळी तहानली
की जेवायला सवड नसते.

अशा चैत्रात नीलिमा झोपे आली.
एका हातात लाल जीप, बॅटरीवाली, खेळण्यातली,
भाच्याची जुनी, डावं चाक घासलेलं.
खांद्यावर हिरल.
अडीच वर्षांची. मान कलती,
पाय कात्रीसारखे एकमेकांत,
अख्ख्या अंगात उजवी मूठ तेवढी तिचं ऐकते,
तीही दहातून सहा वेळा.

जळगावच्या थेरपीवाल्या बाईंनी
औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढून दिलेलं:
एकच मोठं बटण.
दाबलं की चालेल, सोडलं की थांबेल.
खाली दोनदा रेघ ओढून:
पोरीनं स्वतः दाबायचं.

दुकानात बसणाऱ्यांना मतं असतातच.
"एवढीशी पोर, तिले गाडी?
पाय आयशी होतीन, कुर्बानभाऊ.
आधी बसू दे, उभी राहू दे, मंग पाहू."
मी पाना न ठेवता विचारलं,
"विहिरीचं पाणी आपोआप वर आलं
की मग मोटार टाकता का तुम्ही?"

बटणाला डब्याचं झाकण घेतलं,
त्यावर सायकलची ट्यूब ताणली,
खाली स्कूटरच्या हॉर्नचा स्विच.
पाठीला केळीच्या पॅकिंगचा फोम,
छातीला फाटक्या दप्तराचे पट्टे.
वेग मारून मारून
म्हाताऱ्याच्या चालीवर आणला.

पहिल्या दिवशी काहीच नाही.
मूठ हवेत जायची, पट्ट्यात अडकायची,
बटणाच्या अलीकडे पडायची.
नीलिमाचा हात सारखा पुढे.
"ताई, हात मागे."
त्या कामात अवघड असं
एवढंच होतं.

मग जीप वीतभर सरकली.
हिरल दचकली, मूठ उचलली गेली,
जीप थांबली.
तिनं मुठीकडे पाहिलं,
जणू कुणी ती आत्ताच आणून लावली.
आणि पुन्हा मारली.

आजवर जग तिच्याकडे यायचं:
चमचा, खुळखुळा, सुई, डॉक्टरची बॅटरी.
आता ती बकरीकडे गेली.
बकरी उठून निघून गेली.
तेही पहिल्यांदाच, कुणीतरी तिला टाळणं.

घासलेलं चाक बदलतो म्हटलं,
गाडी डावीकडे ओढते.
नीलिमा म्हणाली, राहू द्या,
तिला त्या वळणाची सवय झालीय,
डावीकडेच नळ आहे
आणि नळाशी पोरं.

नळाच्या अलीकडे वत्सलामायनं
लुगड्यावर ज्वारीचे बिबडे घातलेले, ओले.
"थांब, हिरल!"
मूठ उचलली नाही.
ऐकू आलं नाही, की ऐकलं नाही,
ते तिचं तिला माहीत.

"डोये फुटले का वं तुहे?
सकायपासून कंबर मोडली माही,
अन् गाडी घालते बिबड्यांवरून, अवदसा!"

गल्ली गप्प.
याच बाईनं अडीच वर्षं
गालाला हात लावून फक्त
"बिच्चारी, माय" म्हटलं होतं.
हिरलच्या घशातून काहीतरी निघालं,
हसूच असावं. लाळ गळाली.
तिनं पुन्हा बटण दाबलं.

हे नीलिमानं मला तीनदा सांगितलं,
प्रत्येक वेळी शिवी तीच, शब्द न चुकता,
पोरीला शाळेत बक्षीस मिळावं तसं.
तिसऱ्यांदा "अवदसा"पाशी आवाज बसला,
मग म्हणाली, "मागे जायचं बटण
बसेल का हो याला?"

बसेल. वायर आणायला भुसावळला जायला हवं.
सध्या फळीवर वत्सलामायचा डबा आहे,
पाठवलाय तिनं, "गाडीवाल्याले दे" म्हणून.
भाजलेले बिबडे, बरेचसे तुटके.
एक मात्र अख्खा,
त्यावर चाकाची नक्षी वाळलेली,
किंचित डावीकडे गेलेली.