मागे

भदौरिया सर विचारतात, यंदा आपली बॅकलाइन कशी?
मी म्हणते, बरी आहे.
खरं तर खेळताना मला त्यांचे चेहरे दिसतच नाहीत.
गोलकीपरच्या वाट्याला येतात त्या पाठी.

उजवीकडे चंद्रकला, मुरारची.
जर्सीवरचा दोनाचा आकडा खालून उकललाय,
प्रश्नचिन्ह घेऊन पळते.
वर जाते सुसाट, परत येते बाजारातून आल्यासारखी,
गेल्या वर्षीचे चार गोल त्याच रस्त्याने आत आले.
तिला सांगून ठेवलंय,
जायचं तर जा बाई, पण दाराला कडी लावून जा.

डावीकडे नाझनीन. हात कमरेवर.
ते तिथे आहेत तोवर चेंडू लांब आहे.
ते सुटले की मी गुडघे वाकवते.
माझं अर्धं गोलकीपिंग तिच्या कोपरांवर चालतं
आणि हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

मधे तीन वर्षं वैदेही मुळ्ये होती.
ती बी.एड.ला उज्जैनला गेली.
आम्ही दोघी मैदानावर मराठीत बोलायचो,
समोरच्यांना वाटायचं, काहीतरी डाव आहे.
डाव कसला, बहुतेक वेळा उन्हाबद्दलच असायचं.

दतियाची सेमीफायनल. दोन मिनिटं उरलेली.
वैदेहीच्या पोटरीत गोळा आला,
तिच्या जागी आत आली प्रभा तोमर.
दतियाची ती बुटकी सात नंबर
प्रभाच्या पाठीआड येऊन उभी राहिली
आणि मी ओरडले, मागे!
घाबरले की मी मराठीतच ओरडते.
प्रभाने ऐकलं, माँगे.
दीदी चेंडू मागतेय.
तिने दिला.
न बघता, शहाण्या मुलीसारखा, हलक्या पायाने.
सात नंबरला फार काही करावं लागलं नाही.

चूक तिची कशी म्हणू?
आमच्यातही मागणं आणि मागे
एकाच गल्लीत राहतात.
बसमध्ये ग्वाल्हेर येईपर्यंत
ती बूट मांडीवर घेऊन बसली होती, चिखलासकट.

जूनमध्ये एक दिवस दौलतगंजला घरी आली.
म्हणाली, और कौन-कौन से शब्द हैं?
झूलॉजीच्या वहीचं शेवटचं पान काढलं,
लिहून घेतलं: मागे. थांब. सोड. माझा. आत ये.
आई आतून म्हणाली, ही काय शिकवायची रीत झाली,
आधी कशी आहेस तरी शिकव.

तर यंदा मधे प्रभा, आणि तिच्या जोडीला
डबऱ्याहून आलेली फर्स्ट इयरची गुड्डन जाटव.
हेडिंगला डोळे मिटते.
पहिले तीन दिवस अनवाणीच खेळली,
बूट चावतात म्हणाली.
तिच्या पाठीवर अजून नंबर नाही,
त्यामुळे तिच्याबद्दल मला काही वाचता येत नाही.

कॉर्नरला आपण कच्चे आहोत, सर, ते आहेच.
मैदान रुळांच्या अंगाला उतरतं,
छोटी गाडी बंद झाली तरी चेंडू तिकडेच धावतो.
आणि दुसऱ्या हाफला सूर्य किल्ल्याच्या कडेवर टेकून
थेट माझ्या डोळ्यांत बघतो.
त्याला मार्क कोण करणार?

काल पोरांच्या टीमशी खेळलो.
लांब पास आला, उंच, सगळ्यांच्या डोक्यावरून.
माझा घसा कोरडा, शब्द फुटायच्या आत
गुड्डन ओरडली.
नाकातून, अनुस्वारासकट, चुकीचं: माँगे!
आणि चौघी एकदम वळल्या.

गोल झालाच म्हणा.
चौघी वळल्या तर चेंडूकडे बघणार कोण.
पण चार चेहरे, सर, एका ओळीत,
घामेजलेले, माझ्याकडे.
चंद्रकलाच्या हनुवटीवर तीळ आहे,
मला माहीत नव्हतं.

सोळा तारखेला शिवपुरी.
लिहा, बरी आहे.