मूळ मालकासाठीच

मुहर्रकच्या दुकानात दोन काठ्या काउंटरवर आडव्या ठेवल्या
की गिऱ्हाईक आधी किंमत वाचतं, मग हमी.
डावीकडची कार्बनची, एकोणनव्वद दिनार, आजीवन.
उजवीकडची फायबरग्लासची, चौदा दिनार, एक वर्ष.
मी, बाबल केळुसकर, सात वर्षं तेच सांगतो:
आजीवन म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे साहेब,
काठीचं. आणि काठी मोडली
की तिचं आयुष्य संपलं, असंही कंपनी म्हणू शकते.

गिऱ्हाईक हसतं. मीही.
मग बारीक अक्षरांतलं वाचून दाखवतो,
कारण शिव्या पुढे याच काउंटरवर येतात.
गाडीचं दार, छताचा पंखा,
मासा उचलताना काठी उभी धरणं,
ऑगस्टात डिकीत विसरणं,
यातलं काहीच हमीत नाही.
टपाल तुमचं. हाताळणी साडेअकरा दिनार.

कार्बन हलकी. मासा नुसता हुंगून गेला
तरी कोपरापर्यंत कळतं.
पण दगडाला एकदा घासली, नखाएवढा ओरखडा गेला,
तर तो ती मनात ठेवते,
आणि दोन महिन्यांनी एखाद्या अर्ध्या किलोच्या शेरीवर
काड्‌कन.
ग्लासची जड, मठ्ठ, चावा उशिरा सांगते,
पण वाकते, वाकते, टोक पाण्यात बुडेस्तोवर वाकते
आणि सरळ होते, काही झालंच नाही अशी.
कुठली घेऊ, विचारतात.
मी विचारतो, हातातून किती वेळा पाडता?

आमच्याकडे निवतीला काठी नव्हतीच.
बापाच्या तर्जनीवर दोर. पेराला खाच पडलेली,
पालू, तांबोशी, सगळं त्या खाचेतून वर आलं.
थंडीत ती चिरायची. मग खोबरेल.

रोमेल बाकुनावा गोदीत वेल्डर.
शुक्रवारी पहाटे सित्राच्या पुलाखाली माझ्या शेजारी उभा राहायचा.
कार्बनची त्यानं माझ्याकडूनच घेतली, तीन हप्त्यांत.
बिलावर नाव त्याचं, सही माझी.
फेब्रुवारीत करार संपला.
सात फुटी एकसंध काठी विमानात न्यायची तर वेगळे पैसे.
विमानतळावर जाताना माझ्या दाराला टेकवून गेला.
म्हणाला, आजीवन आहे, जप.

परवा हमूरनं, म्हणजे आमच्या हेकरूनं,
तळाच्या खडकात तोंड खुपसलं
आणि मी काठी उभी धरली,
जी धरू नका म्हणून दिवसातून दहादा सांगतो.
वरून दुसऱ्या कडीपाशी गेली.

आता शटर अर्धं ओढून अर्ज घेऊन बसलोय.
खरेदीची तारीख, आहे.
बिल, आहे.
तुकडे, दोन्ही.
मूळ मालक, होय किंवा नाही.
या चौकोनापाशी मी शेकडो गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघून
नाहीवर खूण केली आहे.
भावाची होती. भेट मिळाली. रूममेट कायमचा गेला म्हणून दिली.
इथल्या अर्ध्या काठ्यांचे मूळ मालक आपापल्या घरी गेलेत.

रोमेलला निरोप टाकतो. इलोइलोत पहाटेचे तीन.
लगेच उत्तर. जागाच आहे, होडी लोटतोय.
काठीबद्दल एक शब्द नाही.
हमूर होता? किती किलोचा?
दिसला तरी का?

नाही रे, दिसला नाही.

मोडण्याचं कारण या ओळीत मी लिहितो: मासा.
मूळ मालक: होय. नाव रोमेलचं.
नवी काठी पाठवण्याचा पत्ता: इलोइलोचा.
तिकडचं टपाल हिशोबात धरलं
तर ग्लासच्या दोन आल्या असत्या. भरतो.

मग उजवीकडची काढतो, चौदा दिनार, पगारातून वळते.
टोक जमिनीला टेकवून वाकवून बघतो, दाखवायला कोणी नसताना.
हमीपत्रावर पहिल्यांदाच स्वतःचं नाव घालतो,
शिक्का मारतो, शाई फुंकतो,
आणि हात सवयीनं काउंटरपलीकडे जातो.
बिल जपून ठेवा, साहेब.