दुधाचं कॅलेंडर

खोकला साईराजने आणला,
शाळेतून, शुक्रवारी.
रविवारी आम्ही दोघी जावा तापलो
आणि मंगळवारी राजावाडीत शेजारी शेजारी:
खाट अकरा मी,
खाट बारा प्रमिलाताई.
बावीस वर्षं एकाच परातीत हात,
विषाणूही एकच निघाला.
फरक एवढाच, तिला साखर.

पहिल्या रात्री चारशे बारा.
सिस्टर भोईर म्हणाल्या, काय खाल्लं यांनी?
काही नाही हो, दोन दिवस घोटभर पेजसुद्धा नाही.
मग आली कुठून, हे त्या मला विचारत नव्हत्या.
त्यांना ठाऊक होतं,
ताप भरला की शरीर आपल्याच कोठीतली साखर उपसतं,
आणि छातीसाठी जे इंजेक्शन द्यायचं
तेही साखरच चढवतं.
मी लोकर विणते, मला लगेच कळलं:
एक गाठ सोडवावी तर दुसरीला पीळ.

दर चार तासांनी बोट.
करंगळी झाली, अनामिका झाली,
तर्जनीला विळीचा जुना घट्टा, तिथे रक्तच येईना.
ती निवांत बघत राहायची.
पावलांचं तर केव्हाच कळेनासं झालेलं;
गेल्या होळीला निखाऱ्यावर पाय पडला
आणि तीच म्हणाली, कसला गं वास येतोय?

सासूबाईंनी जाताना चाव्या तिला दिल्या,
साखरेचा डबा मला.
मी तो वरच्या फळीवर ठेवायचे.
रात्री स्टूल सरकल्याचा आवाज यायचा.
मी कूस बदलायचे, जरा मोठ्यानेच,
मला कळलंय हे तिला कळावं म्हणून.
चौदा वर्षं आमचं भांडण ते एवढंच.

चौथी पहाट.
खिडकीवरून विमानं उतरत होती,
पोटाखालचे दिवे दिसावेत इतकी खाली.
बारा नंबरची उशी घामाने ओली.
मी हाक मारली तर मला आई म्हणाली.
भोईर धावल्या. चोपन्न.
इन्शुलिन गेलं होतं, जेवण गेलंच नव्हतं.
गिळतायत ना? मग साखर द्या तोंडात, मी बाटली आणते.

माझ्या लिंबूपाण्यासाठी घरून आलेली पुडी
चार दिवस मी उशीखाली दडवली होती,
तिच्या हाती लागू नये म्हणून.
तीच सोडली.
पाण्यात कालवून चमच्या चमच्याने
माझ्या हाताने भरवली.
ती चोखत राहिली, लहान पोरासारखी.
मग डोळे स्थिरावले, मला ओळखलं,
म्हणाली,
आता देतेस होय!

सहाव्या दिवशी मला सोडलं.
तिला वरच्या मजल्यावर नेलं,
नाकातली नळी जाऊन तोंडावर मास्क आला.
मला जिना चढू दिला नाही.

भावोजी रोज सकाळी फोनवर दोन आकडे सांगतात.
एक्क्याण्णव, दोनशे चाळीस.
नव्वद, दोनशे पंचाहत्तर.
स्वयंपाकघरात दुधाचं कॅलेंडर आहे,
तारखेच्या चौकटीत मी ते टिपून ठेवते.
काल सत्त्याऐंशी, तीनशे दहा.
आज दुपार झाली, फोन नाही.

दूधवाला हिशोबाला आलाय,
दारातून विचारतो, रोज एक लिटर की दीड, वहिनी?
मी चौकटी बघते,
पुन्हा पहिल्या तारखेपासून बघते.
दूध कुठेच लिहिलेलं नाही.