जग, पुल्लिंगी

लोक म्हणतात, जग पाहिलं.
मी जग पाहिला. पुल्लिंगी, एका कानाचा,
एकतीस वर्षं, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कारखान्यात,
भट्टीतून निघालेला, अजून कोमट.

आधी तोंड : काठ गोल आहे ना.
मग पोट. मग कानाचा सांधा, दगा तिथेच असतो.
मग उपडा करून बूड, बुडावरचा शिक्का.
मग टिचकी.
खणखणीत तर डावीकडे, बद्द वाजला तर पिंपात.
दिवसाला बाराशे.

काल डोरीन मला हॅनलेच्या म्युझियममध्ये घेऊन गेली,
पेन्शनवाल्यांना तिकीट नव्हतं म्हणून.
वरच्या मजल्यावर एक तपकिरी चित्र,
खाली पाटी : जग आणि वर्तमानपत्र.
डोरीन म्हणाली, "पाडलाय कुणीतरी."
केसांचा बुचडा बांधलेला एक पोरगा पुढे आला,
दृष्टिकोन, अवकाश, प्रतल असं बरंच बोलला
आणि घड्याळ बघून निघून गेला.

मी उभीच.
तोंड वरून दिसत होतं, पुरतं गोल,
विहिरीत वाकून बघावं तसं.
पोट मात्र समोरून.
कान डावीकडे, आणि पुन्हा, जरा फिका, उजवीकडे.
आणि बूड! टेबलावर टेकलेलं असूनही
मला दिसत होतं.
टेबलच बिचारं बाजूला सरकलं होतं.

डोरीन, म्हटलं, पाडला नाही गं.
फुटल्यावर कशा खापऱ्या होतात
ते आपण पिंपं भरभरून पाहिलंय.
ह्यानं हातात घेऊन फिरवलाय,
आणि फिरवताना जे जे दिसलं
ते पुसलं नाही. एवढंच.
आपण पुसायचो. बूड बघितलं की तोंड विसरायचं,
पट्ट्यावरून पुढचा येतोच आहे.

मला टिचकी मारायची होती.
दोरीच्या अलीकडून हात पुरेना.
चांगला की बाद, ते राहूनच गेलं.

खाली कॅफेत चहा आला.
डोरीननं सवयीनं बशी उचलली, उपडी केली,
शिक्का कुठला बघायला.
कप तिच्यावरच होता.

मेजपोशावर चहा पसरत गेला,
त्या चित्राच्याच रंगाचा,
आणि आम्ही दोघी माना वाकड्या करून
बशीखालचं नाव वाचत बसलो.
आमच्या गावचं नव्हतं.