डावी तर्जनी

कोण कुठल्या साली किती मतांनी आलं
ते मला विचारू नका. कलेक्टर कचेरीत लिहिलेलं असेल.
मला ठाण्याचे डावे हात माहीत आहेत.

कोलबाडच्या पालिका शाळेत मी पाचवीला शिकवत होते.
ड्युटीच्या यादीत माझ्या नावापुढे दर वेळी तेच :
मोकाशीबाई, मतदान अधिकारी क्रमांक दोन.
म्हणजे शाई.
रिकाम्या डब्यात वाळू, वाळूत रोवलेली बाटली,
आणि समोर येईल त्याचा हात हातात घ्यायचा.
पुरुष आधी दचकायचे. मग मीही दचकायची सोडली.

चौऱ्याऐंशीला वागळे इस्टेट.
पहिल्या पाळीआधीच रांग, कपड्यांना मशिनच्या तेलाचा वास.
गंगाराम घोसाळकरने हात पुढे केला
आणि तिथे तर्जनीच नव्हती.
"प्रेसने खाल्ली, बाई. मधलं चालेल?"
मी केंद्राध्यक्षांकडे पाहिलं, त्यांनी पुस्तकात.
नियम होता.
दिल्लीत कुणीतरी आधीच धरून चाललं होतं
की मतदाराला बोट नसू शकतं.
दुपारपर्यंत असे अकरा हात मोजले.
जेवणानंतर मोजले नाहीत.

एक्क्याण्णवला घणसोली.
चांगुणा मढवी, वय यादीत बासष्ट, तोंडी "असंल सत्तर".
"माज्या बोटाला मीठ हाय गो, तुजी शाई बसल का?"
बसली.
तिच्या खारजमिनीवर सिडकोचे नंबर बसले तशीच,
पुसून न जाणारी.
बाहेर तिचा मुलगा साडेबारा टक्क्यांचं बोलत होता.
कुठल्या उमेदवाराने सांगितलं म्हणून विचारलं
तर हसला : "सगल्यांनी."

शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव.
आधीची शाई नखाच्या टोकाशी पोचते न पोचते
तोवर पुन्हा पेटी, पुन्हा लाख, पुन्हा पुड्यातला पोहा.
माझा उजवा हात महिना महिना काळा.
वर्गात पोरं विचारायची,
"बाई, तुम्ही किती वेळा मत दिलं?"
काय सांगणार.
ड्युटीवाल्यांचं मत पाकिटातून जातं,
पाकिटाला शाई लागत नाही.
माझं पाकीट दोनदा आलंच नाही.

मग मतदारसंघच कापला.
ठिपक्याची रेघ झाली होती तोवर,
नखापासून खाली पेरापर्यंत.
नकाशावरही तशीच एक ओढली कुणीतरी,
हात न धरता.
पूल ओलांडला की कळवा, ते कल्याणात गेलं.
मी कधी न पाहिलेलं भाईंदर ठाण्यात आलं.
कळव्याची धाकटी बहीण म्हणाली,
"आता आपला खासदार वेगळा गं ताई.
हळदीकुंकवाला यायचं ना तरी?"

नऊ साली घोडबंदर रोड. शाळा अशी की पायपुसण्यावर पाय ठेवताना
चप्पल काढावीशी वाटावी.
मऊ, थंडगार बोटं.
एकीने विचारलं, नेलपॉलिशवर डाग पडेल का.
एकाने बोट बाहेर नेऊन त्याचाच फोटो काढला.
संध्याकाळी यंत्राला सील लावताना लक्षात आलं,
आज एकही तर्जनी कमी नव्हती.
बरं वाटलं.
मग, बसमध्ये, तितकं बरं वाटेना.
रोड नंबर सोळावर आता काचेच्या इमारती आहेत.
गंगारामचं नाव कुठल्या यादीत गेलं?
की नुसतंच आडवी रेघ मारून
वगळलं?

निवृत्तीनंतर पहिल्यांदा रांगेत उभी राहिले.
यादीत माझ्या नावापुढे लिंग पुरुष, फोटो माझाच.
चाललं.
दोन नंबरला कोवळा मुलगा, कुठल्या तरी बँकेतला.
त्याने हात धरलाच नाही,
लांबूनच ब्रश टेकवला, जणू मला चटका बसेल.
शाई पेरावरून खाली निघाली.

"धर," म्हटलं, "घट्ट धर रे बाळा.
ओघळते ती."