लाभ, दोन, तीन

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार.
काट्यावर पहिलं पोतं चढलं की
भूपाल चौगुले 'एक' म्हणत नसत.
म्हणत, लाभ.
लाभ, दोन, तीन, चार,
नाकात हळद, भुवयांवर हळद.
दुसरीत मी पाढा म्हटला,
बे लाभे बे,
आणि अख्खा वर्ग फुटला.

पुढे विश्रामबागचं कॉलेज, मग पुणे.
टेस्टर, लीड, मॅनेजर,
आणि पंधराव्या वर्षी खराडीत
एकोणिसाव्या मजल्यावर काचेची केबिन.
पेपरात फोटो आला, तो अण्णांनी
वजनांच्या पेटीत आतून चिकटवला.
फोनवर विचारलं,
"हाताखाली माणसं किती?"
"अठराशे."
जरा थांबून म्हणाले,
"म्हणजे सहा ट्रक."

मार्चमध्ये यादी आली.
दोनशे बारा नावं, अकारविल्हे.
पहिली ओळ : अभिषेक ऐनापुरे.
त्याच्या पहिल्या आठवड्यात मीच त्याला
कँटीनचा रस्ता दाखवला होता.
बोट त्या ओळीवर ठेवलं
आणि तोंडून निघालं, लाभ.
माईक चालू होता.
फायनान्सचा कुणी म्हणाला, "सॉरी?"
मी म्हटलं, काही नाही,
पुढे चला.

ऑक्टोबरात माझा नंबर लागला.
इथे सौद्याला हातावर पंचा टाकतात,
खाली बोटं बोटांशी बोलतात,
वर चेहरे नुसते पान खातात.
त्या मीटिंगमध्ये सगळे कॅमेरे बंद होते.
कुणाची बोटं ते मला कळलं नाही.
तक्रार कशाची करू,
त्या पंच्याखाली
माझाही हात होताच की इतकी वर्षं.

मंगळवारी यार्डात गेले.
अण्णा आता घरी असतात, गुडघे गेलेत.
त्यांच्या जागी अभिनंदन नावाचा पोरगा,
कानात इअरफोन,
काटा इलेक्ट्रॉनिक, आकडे लाल.
पहिलं पोतं आदळलं.
राजापुरी, नवा माल.
तो बोलेल का 'एक',
म्हणून मी श्वास धरून पुढे सरकले.

"लाभ," तो म्हणाला.
मग आकड्याकडे बघून कपाळाला आठी,
पोत्याकडे, माझ्याकडे,
"ताई, काट्यावरचा
पाय काढा तेवढा."