गॅस संपत नाही

होळी पेटली की फोन सुरू होतात.
"मुनाफभाई, एसीचा गॅस संपला वाटतं."
संपत नाही हो ताई. तो काय सिलिंडर आहे,
भात शिजवला आणि संपला?
तांब्याच्या नळीत तोच तो फिरत राहतो,
वीस वर्षं फिरेल.
कमी झाला म्हणजे कुठेतरी गळला.
आधी भोक शोधायचं, मग भरायचा.
एवढं सांगेपर्यंत पलीकडून:
"किती घ्याल ते बोला."

"सोळावर ठेवला तर लवकर गार होतो ना?"
सोळा म्हणजे वेग नाही, स्टॉप आहे.
बस जाणार तेवढ्याच वेगानं,
फक्त स्वारगेटला न उतरवता
तुम्हाला कात्रजला नेऊन सोडणार.
बिल कात्रजचं.

नाना पेठेत गाडीच्या नाकाखाली पडलोय,
टॉर्च दातात.
कॅबवाला खैरमोडे उकिडवा बसून विचारतो,
"हायवेला बर्फ, आणि येरवड्याच्या सिग्नलला
उभं राहिलं की भट्टी. असं का?"
पुढचा पंखा मेलाय, बाबा.
तू पळत होतास तोवर
वारा त्याची ड्युटी करत होता.
खैरमोडे हसत नाही.
"कालचं गिऱ्हाईक एक स्टार देऊन गेलं," म्हणतो,
पंख्याचा भाव विचारतो,
मग जुन्या पंख्याचा.

सहकारनगरचे हर्डीकर. महसूल खात्यातून निवृत्त.
दोन थर्मामीटर, एक वही.
"सहा एप्रिल, दुपारी दोन चाळीस.
आत जाणारी हवा एकतीस, येणारी सव्वीस.
फरक पाच. हवा दहा ते बारा.
यावर तुमचं काय म्हणणं?"
मी म्हटलं, जाळी धुतली होती का?
"पान उलटा. तारीख आहे."
खरंच होती.

बाहेरचं मशीन पहिल्या मजल्याच्या भिंतीला,
त्याच्या बरोब्बर खाली शेवंताबाईंचं इस्त्रीचं टेबल.
शिडी लावायची म्हणून टेबल सरकवा म्हटलं,
तर त्याच मला म्हणाल्या,
"बरं झालं आलात. ह्याचा वारा कोमट येतोय."

कोमट?

"एरवी कसा झणझणीत असतो. ओल्या कॉलरी
दहा मिनिटांत वाळतात. पाडव्यापासून वाळेनात.
आणि पाणी बघा."
पाइपखाली बाटली. तळाला चार बोटं.
ते पाणी त्या शर्टांवर शिंपडतात,
नळाच्या पाण्यासारखे पांढरे डाग पडत नाहीत.

चैत्रातली हवाच कोरडी, पाणी कमी यायचंच, म्हणालो,
पण हात वर धरला.
कोमट.
म्हणजे आतली उष्णता बाहेर येतच नव्हती.
मशीन थंडी बनवत नसतं,
नुसता हमाल आहे ते:
हर्डीकरांच्या खोलीतला उकाडा उचलायचा,
शेवंताबाईंच्या टेबलावर आणून टाकायचा.
हमालाच्या पाटीला भोक पडलं
हे जिथं माल उतरतो तिथं आधी कळणार.

पाडव्यापासून. बोटांवर मोजलं,
वहीच्या सात दिवस आधी.

नटाखाली तेलाचा डाग होताच.
साबणाचा तुकडा त्यांचाच, फेस माझा.
थांबलो. एक बुडबुडा
फुगला, फुटला, पुन्हा तिथंच फुगला.
नट उघडला, नळीचं तोंड नव्यानं पसरवलं,
निर्वात केलं, वजनावर गॅस भरला,
मशीन चालू करून वर गेलो.

हर्डीकर पारा धरून उभे.
"अठ्ठावीस," म्हणाले. "अजून अठ्ठावीसच."
थांबा जरा, म्हटलं.
"किती थांबायचं? वेळ लिहितो मी."

तेवढ्यात खालून आवाज:
"आला! गरम आला!"

हर्डीकरांनी आधी बाल्कनीकडे पाहिलं,
मग घड्याळाकडे.
वहीत काहीतरी लिहिलं.
पारा तेव्हा कुठे हलायला लागला होता.